मंद फिल्म आणि शिलेवरील अक्षर

पश्चिम भारतातील लेण्यांचा इतिहास आपणांस मुख्यतः दोन साधनांनी कळतो. एक म्हणजे लेण्यांची रचना व शिल्पे, आणि दुसरे म्हणजे भिंतींवर, स्तंभांवर आणि पाण्याच्या पोढींवर कोरलेले दानलेख. या दानलेखांत राजे व अमात्य आहेतच. परंतु कान्हेरीसारख्या ठिकाणी त्यांच्याबरोबर नेगम, सुवर्णकार, मणिकार, लोहार, गहपती, भिक्खू आणि भिक्खुणी यांची नावे आढळतात. कोणी कल्याणचा, कोणी सोपाऱ्याचा. या माणसांची नोंद अन्य कोणत्याही ग्रंथात वा बखरीत नाही. भिंतीवरील ते चार शब्द झिजले की तो उपासक आणि त्याचे दान ही दोन्ही इतिहासातून नाहीशी होतात. किनाऱ्यालगतच्या खडकावर पावसाळा, खारी हवा, शेवाळ आणि माणसांचे हात यांचे काम अखंड चालू असते. म्हणून अक्षर शिल्लक आहे तोवर त्याची विश्वासार्ह प्रतिमा करून ठेवणे हे अभ्यासकाचे पहिले काम ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका साधनाचा, म्हणजे मंद गतीच्या, बारीक कणांच्या कृष्णधवल फिल्मचा, विचार करणार आहोत.

आमचे वास्तव्य बोर्डी येथे आहे. डहाणू तालुक्याच्या या किनाऱ्याचा लेण्यांच्या इतिहासाशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. नाशिकच्या लेण्यांतील क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात, ज्या नद्यांवर त्याने लोकांना उतरून जाण्यासाठी नावांची विनामूल्य सोय केली त्यांची नावे दिली आहेत. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा यांच्या पाठोपाठ तेथे 'दाहनुका' हे नाव येते. आमच्या डहाणूच्या खाडीचे हे प्राचीन नाव नाशिकच्या भिंतीवर टिकले आहे. बोर्डीच्या पूर्वेस बहरोटचा डोंगर आहे. इ. स. १६०० च्या सुमारास रचलेल्या 'किस्सा-ए-संजान' या पारशी काव्यानुसार संजान पडल्यानंतर पवित्र अग्नी याच डोंगरावर बारा वर्षे सुरक्षित ठेवण्यात आला होता. तेथील गुहा मुळात बौद्ध भिक्खूंनी कोरविल्या, असे परिसरातील पुष्कळ लोक सांगतात. सांगण्यावर अशा प्रश्नाचा निर्णय होत नाही. तो छिन्नीच्या खुणा, कोनाड्यांची मापे आणि कोरीव कामाची पद्धत यांवरून करावा लागतो. आणि छिन्नीची खूण ही एक मिलिमीटर रुंदीची गोष्ट आहे. पारशी व बौद्ध स्थळे यांचा संबंध केवळ कल्पनेतला नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ मधील पहलवी लेख आहेत. तेथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. हे लेख बारीक व उथळ आहेत, आणि साध्या छायाचित्रात ते भिंतीच्या खडबडीतपणात सहज हरवतात.

शिलालेखाची नक्कल करण्याचे मार्ग तीन. पहिला म्हणजे डोळ्यांनी पाहून हाताने उतरवणे. दुसरा म्हणजे ठसा: ओला कागद अक्षरांवर बसवून, ब्रशने ठोकून, वर शाईचा बोळा फिरवायचा. तिसरा म्हणजे छायाचित्र. हाताच्या नकलेत वाचणाऱ्याची समजूत आधीच मिसळलेली असते. ठसा हा मूळ आकाराचा असतो आणि त्यावर प्रकाशाच्या दिशेचा परिणाम होत नाही, म्हणून पुराभिलेखविद्येत आजही त्याला मान आहे. डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ ज्यांनी पाहिला असेल त्यांना लेखाच्या नकलेला किती श्रम पडतात हे ठाऊक आहे. पण ठशाला दगडाचा स्पर्श करावा लागतो. भुसभुशीत झालेल्या पृष्ठभागावर ओला कागद ठोकणे म्हणजे उरलेले अक्षर सोलून काढणे होय. छायाचित्राला स्पर्श नको, हा त्याचा मोठा गुण.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा व वेरूळ येथे घेतलेली छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्या काळच्या काचांवरील कलोडियनचा थर अतिशय मंद असे. परंतु त्याच कारणाने त्या काचांत कण जवळजवळ दिसतच नाहीत, आणि आजही भिंगाखाली त्यांतील दगडाचा पोत स्पष्ट वाचता येतो. तो मंदपणा त्यांच्या नशिबी होता. आपल्याला तो निवडावा लागतो.

मंदपणा आणि बारीकपणा यांची सांगड का आहे, हे समजून घेतले पाहिजे. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे काही थोडे अणू एकत्र येतात. एवढ्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही. या अवस्थेला सुप्त प्रतिमा म्हणतात. पुढे डेव्हलपरमध्ये घातल्यावर ज्या स्फटिकात असे बीज पडले असेल तो संपूर्ण स्फटिक काळ्या चांदीत रूपांतरित होतो, आणि ज्यात पडले नसेल तो तसाच राहून नंतर हायपोत विरघळून जातो. स्फटिक मोठा असला तर त्यावर प्रकाश पडण्याचा संभव अधिक, म्हणून फिल्म वेगवान. पण काळा होणारा ठिपकाही तेवढाच मोठा. स्फटिक लहान असला तर त्याला पुरेसा प्रकाश मिळण्यास वेळ लागतो, पण ठिपका बारीक. शिवाय मंद फिल्मचा थर पातळ असतो, त्यामुळे थराच्या आत प्रकाश फारसा पसरत नाही आणि रेषेची कडा स्वच्छ राहते. ४०० आयएसओच्या फिल्मला जेवढा प्रकाश लागतो त्याच्या आठ पट ५० च्या फिल्मला, आणि सोळा पट २५ च्या फिल्मला.

येथे थोडा हिशोब करू. भिंतीचा ३.६ मीटर रुंदीचा भाग ३५ मि.मी. फिल्मच्या ३६ मि.मी. रुंद चौकटीत बसवला, तर प्रतिमा मूळच्या शंभराव्या भागाइतकी होते. अक्षराचा पाच मिलिमीटर रुंद फराटा फिल्मवर ०.०५ मि.मी. होतो, आणि छिन्नीची एक मिलिमीटरची कडा ०.०१ मि.मी. वेगवान फिल्ममधील कणांचे पुंजके साधारण याच मापाचे असतात. म्हणजे फराटा दिसेल, परंतु त्याची कडा कुठे संपते आणि दगडाचा खडबडीतपणा कुठे सुरू होतो, हे निगेटिव्ह सांगू शकणार नाही. भिंगातून पाहिले तर कणच दिसतील. मंद फिल्म तेथे सांगू शकते. मात्र लेन्सनेही साथ द्यावयास हवी. पुष्कळ जण खोलीपर्यंत सर्व काही स्पष्ट यावे म्हणून लेन्सचे छिद्र एफ-२२ पर्यंत बारीक करतात. प्रकाशाच्या विवर्तनामुळे एफ-२२ ला बिंदूचा ठिपका सुमारे ०.०३ मि.मी. होतो, तर एफ-८ ला सुमारे ०.०१ मि.मी. एफ-२२ वर काम करावयाचे असेल तर मंद फिल्मचे पैसे वाया गेले असे समजावे. भिंत सपाट असते. कॅमेरा तिला समांतर लावला की एफ-८ पुरेसे होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कण बारीक असले म्हणजे वाचन खरे ठरते, असे मात्र नाही. ब्राह्मी लिपीत 'र' ही जवळजवळ उभी रेघ आहे आणि 'क' ही क्रूसासारखी खूण. उभ्या रेघेला दगडातील एखादी आडवी भेग छेदून गेली की 'र' चा 'क' दिसू लागतो. आरंभीच्या ब्राह्मीत 'त' च्या डोक्यावरची लहान उभी रेघ झिजली की खाली उरते ते 'ग' सारखे. अनुस्वार हा तर एक ठिपकाच, आणि आपल्याकडील बेसॉल्ट खडक वायूच्या पोकळ्यांनी भरलेला. अनुस्वार कोणता आणि पोकळी कोणती, हे ठरवण्यासाठी त्या खळग्याच्या तळाशी छिन्नीचा ओरखडा आहे की नैसर्गिक गोलाई आहे, हे पाहावे लागते. हा पुरावा सावलीच्या आत असतो. निगेटिव्हमध्ये सावली कोरी राहिली, म्हणजे पुरावा गेला.

नेमका येथेच मोह होतो. झिजलेला लेख मळकट, करडा दिसतो. छापून आणावयाचा तर तो ठळक हवा, असे संपादकांस वाटते व छायाचित्रकारासही. मग डेव्हलपिंग वाढवले जाते, कडक कागदावर प्रिंट काढली जाते, आणि करड्याच्या सर्व छटा जाऊन केवळ काळे व पांढरे उरते. अशा चित्रात भेग, ओरखडा, पोकळी आणि अक्षर ही सर्व एकाच काळ्या रंगाची होतात. वाचणाऱ्याला मग हवे ते वाचता येते. दात्याचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते, आणि ते चित्र पुढील पन्नास वर्षे उद्धृत होत राहते. आमच्या मते ठळक चित्रापेक्षा मवाळ चित्र अधिक उपयोगी. जे चित्र पाहून "येथे नक्की सांगता येत नाही" असे वाचकास म्हणता येते ते चित्र अभ्यासाच्या कामाचे. याच कारणाने अक्षरांत खडू भरून छायाचित्र घेण्याची जुनी रीत आम्हांस अजिबात मान्य नाही. खडू दगडाला अपाय करतो हे तर झालेच; पण खडू भरणाराच लेख वाचून टाकतो, कॅमेऱ्याला वाचण्यासारखे काही उरत नाही.

खोदीव अक्षर दिसते ते सावलीमुळे, म्हणून प्रकाश भिंतीला घासून गेला पाहिजे. लेण्यात दिवसातील एखाद-दुसरा तासच असा प्रकाश आपोआप येतो. इतर वेळी दाराशी आरसा किंवा पांढरे कापड धरून तो वळवून घ्यावा लागतो. कापडाचा प्रकाश मऊ असतो आणि सावलीच्या आतील तपशील राखतो. आरशाचा धारदार, तो अगदी उथळ फराट्यांसाठी. पहलवी लेखांसारख्या बारीक कामाला आरसाच हवा. प्रकाश शक्यतो डावीकडून वरून घ्यावा. तो खालून आला तर डोळ्यांची फसगत होऊन खोदलेले अक्षर उठावाचे दिसू लागते. उजेड एकाच बाजूने आला तर त्या दिशेला समांतर असलेले फराटे जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून एका लेखाची निदान तीन छायाचित्रे घ्यावीत: डावीकडून, उजवीकडून आणि वरून. तिन्हींत दिसते ते अक्षर. एकाच चित्रात दिसते त्याबद्दल शंका ठेवावी. भिंतीवर हिरवट शेवाळाचे डाग असतील तर हिरवा फिल्टर लावावा. तो शेवाळाला उजळ करून करड्या दगडात मिसळून टाकतो आणि मागे फराट्याची सावली तेवढी उरते. लाल फिल्टरने उलट होते, शेवाळ काळे पडून नवीन 'अक्षरे' निर्माण होतात. हिरव्या फिल्टरसाठी एक्स्पोजर सुमारे दोन स्टॉप वाढवावे लागते.

साहजिकच शटर सेकंदांत मोजावे लागते. तिपाई आणि केबल रिलीज यांवाचून हे काम होत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकांत तिपाई लावण्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. ती आधी काढावी, दारावरच्या रखवालदाराशी हुज्जत घालू नये. लांब एक्स्पोजरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. प्रकाश फार क्षीण असला की स्फटिकात जमू लागलेले बीज पूर्ण होण्याआधीच विरून जाते, आणि मीटरने सांगितलेला वेळ अपुरा पडतो. इलफर्डच्या पॅन एफ प्लस या ५० आयएसओच्या फिल्मसाठी उत्पादकाने दिलेल्या सूत्रानुसार मीटरने १० सेकंद दाखवल्यास सुमारे २१ सेकंद द्यावे लागतात, ३० दाखवल्यास सुमारे ९२, आणि एक मिनिट दाखवल्यास जवळपास चार मिनिटे. चार मिनिटे लेण्यात कोणी चालले नाही, कापड हलले नाही आणि वाऱ्याने तिपाई थरथरली नाही, हे सांभाळणे म्हणजे छायाचित्रणाचा निम्मा भाग होय. प्रकाश सावलीत मोजावा आणि डेव्हलपिंग उजळ भागाकडे पाहून ठरवावे, हा कृष्णधवल छायाचित्रणाचा जुना नियम येथे तंतोतंत लागू पडतो. पॅन एफ ही फिल्म स्वभावतः थोडी कडक आहे, म्हणून आम्ही ती ३२ आयएसओ धरून वापरतो आणि डेव्हलपिंग काहीसे कमी करतो.

फिल्मच्या निवडीला आता फारसा वाव राहिलेला नाही. कोडॅकची पॅनाटॉमिक-एक्स १९८०च्या दशकाच्या अखेरीस गेली, टेक्निकल पॅनची विक्री २००४ मध्ये थांबली, अ‍ॅग्फाची २५ आयएसओची फिल्मही बंद झाली. उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म एके काळी गावोगावच्या स्टुडिओंत असे; तो कारखानाही बंद पडला. पॅन एफ प्लस अद्याप मिळते. अ‍ॅडॉक्सची सीएमएस २० ही याहूनही मंद व बारीक फिल्म आहे, परंतु ती मुळात दस्तऐवजांच्या नकलांसाठी बनलेली आहे. तिच्यासाठी केलेला खास मवाळ डेव्हलपर न वापरता ती साध्या डेव्हलपरमध्ये टाकली तर वर सांगितलेला काळ्या-पांढऱ्याचा धोका पुरेपूर ओढवतो. ज्यांना सवय नाही त्यांनी १०० आयएसओच्या आधुनिक फिल्मने, उदाहरणार्थ डेल्टा १०० किंवा टी-मॅक्स १०० ने, सुरुवात करावी. त्यांचे कणही पुरेसे बारीक आहेत.

पॅन एफच्या बाबतीत एक सूचना महत्त्वाची आहे. तिची सुप्त प्रतिमा फार काळ टिकत नाही. एक्स्पोजरनंतर तीन महिन्यांच्या आत ती डेव्हलप करावी असे उत्पादकच सांगतो. कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात आम्ही तीन आठवडेही थांबत नाही.

बोर्डीत डेव्हलपिंग करताना खरी अडचण येते ती पाण्याची. सर्व पुस्तकी तक्ते २० अंश सेल्सिअससाठी असतात. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गच्चीवरील टाकीतले पाणी ३० अंशांच्या वर जाते. डी-७६ या प्रसिद्ध डेव्हलपरचे घटक साधे आहेत: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम. मेटॉल व हायड्रोक्विनोन चांदी काळी करतात, टाकणखार त्यांना सौम्यपणे चालना देतो. सल्फाइट एवढे जास्त घालण्याचे कारण असे की ते द्रावण टिकवते आणि शिवाय स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून कण मऊ करते. समभाग पाणी घालून वापरल्यास पॅन एफला २० अंशांस साडेआठ मिनिटे लागतात. पण तापमान २४ अंश झाले की हाच वेळ सहा मिनिटांच्या आत-बाहेर येतो, आणि आणखी चढल्यास चार मिनिटांवर. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात द्रावण सर्वत्र सारखे पोहोचत नाही. भिंतीवर नसलेले पट्टे निगेटिव्हवर उमटतात. म्हणून आम्ही एक भाग डेव्हलपर व तीन भाग पाणी घेतो. २४ अंशांस आम्हांस साडेआठ ते नऊ मिनिटे योग्य वाटली आहेत. पातळ द्रावणात मूळ डेव्हलपर कमी असतो, म्हणून दोन फिल्मच्या टाकीत एकच फिल्म घालावी आणि ६०० मि.लि. द्रावण घ्यावे. २४ अंशांपर्यंत खाली येण्यासाठी सर्व बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवतो. बर्फ द्रावणात टाकू नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण सांगितलेले बरे.

पातळ द्रावणाचा एक गुण आणि एक दोष आहे, व दोन्ही एकाच कारणाने येतात. सल्फाइट पातळ झाल्यामुळे कण थोडे स्पष्ट होतात आणि कडा धारदार येतात. शिवाय काळ्या व उजळ भागांच्या सीमेवर एका बाजूचा डेव्हलपर लवकर थकतो आणि दुसऱ्या बाजूचा ताजा डेव्हलपर तिकडे सरकतो. त्यामुळे सीमेवर एक बारीक उजळ व एक बारीक गडद रेघ तयार होते. निसर्गदृश्यात ती डोळ्यांना आवडते. शिलालेखात मात्र ती छिन्नीची दुहेरी कडा भासू शकते. टाकी न हलवता तशीच ठेवण्याची जी पद्धत काही जण वापरतात, तिच्यात हा परिणाम सर्वांत जास्त होतो. म्हणून दर मिनिटाच्या आरंभी दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करणे हा नियम आम्ही सोडत नाही.

डेव्हलपरनंतर सौम्य अ‍ॅसिटिक आम्लाचे पाणी, मग हायपो. एक लिटरमध्ये २५० ग्रॅम हायपो आणि २५ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे साधे द्रावण पुरते. फिल्मचा दुधाळपणा जाण्यास जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ती हायपोत ठेवावी. या सर्व द्रावणांचे आणि धुण्याच्या पाण्याचे तापमान एकमेकांपासून दोन-तीन अंशांहून दूर नसावे. गरम पाण्यात फुगलेले जिलेटिन एकदम थंड पाण्यात आकसले की त्यावर सुरकुत्यांचे जाळे पडते, आणि ते जाळे झिजलेल्या बेसॉल्टसारखेच दिसते. धुण्यासाठी अर्धा तास नळ सोडून ठेवण्याची चैन आमच्या गावी परवडत नाही. टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी ओतून द्यायचे. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. हायपोत फिल्म कडक करणारे द्रव्य नसेल तर एवढ्याने ती चांगली धुतली जाते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते. ते डेव्हलपर बनवण्यास वापरू नये, आणि शेवटची विसळणी तर ऊर्ध्वपातित पाण्यातच करावी. अन्यथा वाळताना पडणारे पांढरे ठिपके थेट अनुस्वाराच्या मापाचे असतात. फिल्म वाळत घालताना समुद्राकडची खिडकी बंद असावी.

आजच्या काळात हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न योग्यच आहे. केवळ वाचनासाठी म्हणाल तर डिजिटल कॅमेरा सरस आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर यांनी मांडलेल्या पद्धतीत कॅमेरा स्थिर ठेवून अनेक दिशांनी प्रकाश टाकून चित्रे घेतात, आणि संगणकावर मागाहून प्रकाश हवा तसा फिरवता येतो. आमची तीन दिशांची तीन छायाचित्रे तिच्यापुढे फारच तोकडी आहेत. तरीही निगेटिव्हचे महत्त्व दोन कारणांनी उरते. ती वाचण्यास यंत्र लागत नाही. खिडकीचा उजेड आणि एक भिंग पुरते. आणि तिच्यात मागाहून गुपचूप दुरुस्ती करणे सोपे नाही. सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उजेडात आणलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा, किंवा १९५६ मध्ये जवळच मिळालेला नवव्या लेखाचा तुकडा, हे संग्रहालयात सुरक्षित तरी आहेत. लेण्यांच्या उघड्या ओसऱ्यांतील आणि पोढींवरील लेखांना तसे छप्पर नाही. त्यांच्याबद्दल पुढे वाद निघाला तर अमुक वर्षी ती रेघ होती की नव्हती, याला साक्षीदार लागेल.

असा साक्षीदार टिकावा म्हणून साठवणीची काळजी घ्यावी लागते. जिलेटिन हे बुरशीचे आवडते अन्न आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर निगेटिव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह राहतात, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर तापवून पुन्हा वापरतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांपेक्षा आम्लरहित कागदाचे लिफाफे चांगले. छायाचित्राच्या चौकटीत एका कडेला मोजपट्टी व करडे कार्ड असावे, आणि लिफाफ्यावर लेण्याचा क्रमांक, लेखाची जागा, तारीख, वेळ, प्रकाशाची दिशा, फिल्टर, एक्स्पोजर, डेव्हलपर, तापमान व मिनिटे ही नोंद पेन्सिलीने करावी. शाई दमट हवेत फुटते. एका लेखाच्या तिन्ही दिशांच्या निगेटिव्हना एकच क्रमांक देऊन पुढे डावी, उजवी, वर असे लिहावे, म्हणजे पुढील अभ्यासकाच्या हाती त्यांपैकी एकटी कधी पडणार नाही.